कापत नाही, उसवतं

ऑरिन : ...तरीही हे वाक्य काढ. उद्याच्या भाषणात मला ते दिसता कामा नये.

हिमेना : कुठलं? 'लायसिन कापत नाही' हे? ऑरिन, अख्खं भाषण त्यावरच उभं आहे.

ऑरिन : रचना दाखव ना! अबलोनीसारख्या समुद्री गोगलगायीच्या शुक्राणूतलं एवढंसं प्रथिन, त्याचे स्फटिक केलेस, एक्स-रेत इतकं स्वच्छ पकडलंस. शाबास. पण ते काय करतं, ते मी आधीच सांगून ठेवलंय. शुक्राणू अंड्याला भिडतो, लायसिन सोडतो, लायसिन अंड्याचं आवरण कापतं आणि भोकातून शुक्राणू आत. कात्री आहे ती, कात्री! माझे केस काळे होते तेव्हापासून पोरं हेच शिकतायत.

हिमेना : कात्रीला पाती लागतात. हे मॉडेल घ्या हातात. फिरवा, उलटं करा. पाच सळ्यांची मोळी. या अंगाला धन भाराचे दोन पट्टे, त्या अंगाला पाण्याला नाक मुरडणारा तेलकट डाग. कापणाऱ्या प्रथिनाला घास धरायला खाच असते. कुठाय? दाखवा.

ऑरिन : तू नीट पाहिलं नसशील.

हिमेना : इतकं पाहिलंय, की घरातला माणूस सामान बांधून गेला तेही मला उशिरा दिसलं.

ऑरिन : मग भोक पडतं कसं? मंत्र म्हणून?

हिमेना : उसवून. आवरण म्हणजे एकमेकांना धरून बसलेले धागे. लायसिन जोडीजोडीनं येतं. आवरणापाशी जोडी फुटते, एकेक जण धाग्यांमध्ये घुसतो आणि त्यांची आपसातली पकड सोडवतो. धागा एकही तुटत नाही.

ऑरिन : कविता बरी आहे. पुरावा?

हिमेना : या नळीत आपल्या टाकीतल्या लाल अबलोनीच्या अंड्यांवरून उतरवलेली आवरणं आहेत. पाणी दुधाळ दिसतंय ना? घाला लायसिन. नेहमी माझ्या हाताला दोष देता, आज तुमच्या हातानं घाला.

ऑरिन : आण इकडे. हं... निवळलं. बघ, चालली की कात्री!

हिमेना : आता त्याच नळीत आणखी आवरणं ओता.

ऑरिन : ओतली.

हिमेना : हलवा. हवं तितकं थांबा.

ऑरिन : ...दुधाळच आहे.

हिमेना : एक कापड कापून कात्री संपते का? पुढचंही कापते. हे संपलं. धाग्यांना चिकटून खर्ची पडलं.

ऑरिन : मेलं असेल. प्रथिनं टेबलावर पडून मरतात, पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं.

हिमेना : वाटलंच होतं, हे म्हणणार. हे घ्या. त्याच बाटलीतलं, तितकाच वेळ त्याच टेबलावर पडलेलं. फक्त याला आवरण भेटलेलं नाही. घाला त्याच दुधाळ नळीत.

(ऑरिन घालतो. नळी खिडकीच्या उजेडात धरतो.)

ऑरिन : निवळलं.

हिमेना : हो.

ऑरिन : हिमेना, माझ्या निवृत्तीला फार दिवस नाहीत. तोवर थांब. मी गेल्यावर काय हवं ते म्हण.

हिमेना : नाही.

ऑरिन : नोकरीला माझी शिफारस लागेल तुला. विसरू नकोस.

हिमेना : नका देऊ. सेद्रोस बेटावर माझे मामा अजून अबलोनीसाठी बुड्या मारतात. त्यांच्या होडीवर हवेचा पंप सांभाळीन. पण उद्या ते वाक्य मी वाचणार.

ऑरिन : ही प्रयोगशाळा माझी आहे!

हिमेना : आहेच. लायसिन तुमचं नाही. माझंही नाही.

ऑरिन : भर सभेत मला वेड्यात काढणार तू.

हिमेना : ते तुमच्या हातात आहे. आत्ता नळी कोणी धरली होती? उद्या उठा आणि सांगा, हा प्रयोग तुम्ही स्वतः करून पाहिलात. नाही सांगितलंत तर मी सांगेन, तुमचं नाव घेऊन.

ऑरिन : ही धमकी आहे?

हिमेना : हो.

ऑरिन : ...बरं. मी पहिल्या रांगेत बसेन. एकेक आकडा विचारीन. सोडणार नाही तुला.

हिमेना : विचारा. जरा मोठ्यानं विचारा, शेवटच्या रांगेत माझी आई असेल. बेटावरून आलीय.

ऑरिन : तिला इंग्लिश येत नाही म्हणाली होतीस ना? काय कळणार तिला?

हिमेना : माझा आवाज खाली आला नाही, एवढं कळेल.