पाइप जाड, चढ भारी

गॅरेजच्या बाकावर गाणं शिकवणाऱ्या एक बाई आपल्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. नजर मासिकात होती, पण कान मात्र शेजारच्या नवरा-बायकोकडे.

“सायलेन्सरचा पाइप अजून जाड टाकू या,” नवरा म्हणत होता. “गाडीचा श्वास मोकळा होतो, ताकद वाढते.”

“मागे जाड टाकलास, तेव्हापासून ती चढावर रडतेय.”

“इंजिनाला सवय व्हायला वेळ लागतो गं.”

“मेकॅनिक म्हणाला, इंजिन एवढंसं. असल्या रुंद पाइपात धुराचा वेगच मरतो, मग गाडी हळू असताना जोर येणार कुठून?”

“सुसाट पळवल्यावर बघ!”

“आपली गल्ली म्हणजे नुसता चढ. पळवतोस कुठे?”

“काल चढलीच ना?”

“चढली. आईला खाली उतरवल्यावर.”

“त्यांच्या बॅगा जड होत्या.”

“बॅगा गाडीतच होत्या. उतरली आई!”

बाईंनी पान उलटायचं थांबवलं.

“बरं, ते जाऊ दे. आवाज? वाघासारखा की नाही? खरं सांग.”

“हो, आईनेही ऐकला.”

“बघ! काय म्हणाल्या?”

“म्हणाली, ‘आले वाटतं जावईबापू!’ चालत घरी पोचून, हातपाय धुऊन, ती केव्हाची दारात उभी होती.”