एकटीचा पहिला नंबर

आता पहिल्या नंबराचा विषय निघालाच हाय तर आमच्या गौरीचं सांगतो. गौरी माझी भाची, अनसिंगले राहते. मागच्या वर्षी मी तिले जिम्नॅस्टिक्सच्या जिल्हा स्पर्धेले वाशिमले घेऊन गेलो. तिच्या वयोगटात दुसरी पोरगीच आली नव्हती. परीक्षक म्हणाले, "बेटा, तू एकटीच आहेस. तुझा पहिला नंबर. आता विभागाले अमरावतीले जा."

मी खूश होऊन पिशवी उचलली. गौरी जागची हलेना.

"सर, मी करून दाखवते."

"काहून? निवड तर झाली ना," परीक्षक म्हणाले.

"पण मी कोणालेच हरवलं नाही. निदान तुमी पाहा तरी."

उठलेले परीक्षक परत बसले. गौरी बीमवर, म्हणजे त्या अरुंद उंच दांडीवर चढली अन् गिरकी घेताना पडली. पुन्हा चढली अन् सगळं पूर्ण करूनच उतरली.

अमरावतीले लय पोरी होत्या. राज्यासाठी निवडलेल्यांत गौरीचं नाव नव्हतं. परतताना एसटीत तिची समजूत कशी घालावी, मले सुचत नव्हतं. तीच म्हणाली, "मामा, त्या पोरी काय सुंदर करतात. त्यांच्यासंगं करायले मजा आली."

गावात येऊन तिनं शाळेतल्या दोन मैत्रिणींले शिकवणं सुरू केलं. यंदा जिल्ह्याले तिघी उतरल्या. त्यातल्या एकीनं गौरीले शेवटपर्यंत झुंजवलं. गौरी थोडक्यात पहिली आली. घामाघूम होऊन माझ्यापाशी आली अन् म्हणाली, "मामा, आज पेढे घ्या. आज मी जिंकली."