पुढचा बाक

मान मागे टाका, पाळकबाई – अशी, कडेला टेकवा. पाणी कोमट आहे, भाजलं तर सांगा. हं, काय म्हणत होतात – चर्चच्या कमिटीचं म्हणणं. म्हणजे निरोप त्यांचा आणि पाय तुमचे. बरं केलं तुम्ही आलात, पाळकसाहेब आले असते तर धुवायला काय दिलं असतं, डोक्यावर केस तर हवेत – हसा, हसा, मी कुणाला सांगत नाही. तर काय, त्या बायकांना रविवारी उपासनेला आणणं बंद करा, नाहीतर दुकानाची खोली सोडा. खोली मंडळीची, दुकान माझं. कळलं. उत्तर देते, पण शाम्पू लावू द्या आधी, डोळे मिटा.

त्या बायका कोण, हे तरी विचारलं का कमिटीने? नसेलच विचारलं. पलीकडचं वेड्यांचं इस्पितळ – आपण तसंच म्हणतो ना – तिथून बऱ्या होऊन सुटलेल्या, आणि घरचं कुणी न्यायला आलं नाही म्हणून मागच्या निवाऱ्यात राहिलेल्या. बऱ्या झालेल्या, बरं का. पहिली आली ती थोरली, मी तिला राणीसरकार म्हणते, खुर्चीत बसते तशी ती. केस म्हणजे सुंभाचा गोळा. तिला बघून गिऱ्हाइकांना एकाएकी घरची कामं आठवली, दुकान रिकामं. भादरून टाकणं सोपं होतं. पण तिने विचारलं, कापणार का – आणि असं विचारलं, की मी कात्री खाली ठेवली. तेल घातलं आणि बोटांनी गुंता सोडवत बसले, सगळी दुपार. भिंतीपलीकडे आपली गायनमंडळी सराव करत होती. ती म्हणाली, तिथे आत घेतात का? मी काय सांगणार – कमिटीला विचारते? म्हटलं, घेतात.

पुढच्या बाकावर का बसवलं – अहो, तिला कमी ऐकू येतं. तो बाक खजिनदारांच्या घरचा आहे हे मला कुठे ठाऊक, त्यावर नाव कोरलंय का? हो, प्रवचनात ती म्हणाली, जरा मोठ्याने बोला. खरं सांगा, मागच्या बाकांवरचेही मनात तेच म्हणत होते की नाही? आणि प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाची प्याली परत करून म्हणाली, अजून द्या. तेवढ्यात खजिनदारबाई नाकाला रुमाल लावून लेकीसुनांसकट मागे गेल्या. वास कसला, तर माझ्या शाम्पूचा. आत्ता तुमच्या डोक्याला लावलाय तोच.

नाही, ऐकतेय मी. चांगलं काम वेगळं आणि देवाचं पाचारण वेगळं – दृष्टी हवी, हेतू हवा, मंडळीला विचारून चालायला हवं. साहेबांनी फळ्यावरही लिहिलंय की, दृष्टी घेऊन जगा. छान अक्षर आहे. पण मला कसलाही दृष्टांत झाला नाही, बाई. उजेड नाही, वाणी नाही. मला दिसले ते ओल्या फरशीवर पडलेले केस, माझेच, आणि ते – हलू नका, फेस डोळ्यात जाईल.

ऐकलंत ना. आता अर्धवट कशाला ठेवू. माझं लेकरू गेलं त्या वर्षी मी बहिणीकडे होते, असं सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं. मंडळीने त्या बहिणीसाठी देवाचे आभारही मानले. मला बहीणच नाही. मी त्या इस्पितळाच्या भिंतीच्या आत होते. आम्हाला रांगेत बसवून डोक्यावरून मशीन फिरवायचे, उवा नकोत म्हणून. तेव्हाही रडले नाही मी, लेकरू गेल्यावरही रडले नव्हते. मग एक आया आली, तिने ओला पंचा माझ्या बोडक्या डोक्यावरून फिरवला, कानामागे पुसलं – आपण तान्ह्याचं पुसतो ना, तसं. मग रडले. आणि देवाला म्हटलं – मागितलं नाही काही, सांगून टाकलं – इथून सुटले की मी हेच करीन. तो हो म्हणाला नाही. नको असंही म्हणाला नाही. मी तेवढ्यावर उठले, बाई, आणि तेवढ्यावरच चाललेय. याला दृष्टी म्हणायचं की नाही, ते कमिटीने ठरवावं.

कीव नको, पाणी ओतते आता. तर निरोप न्या माघारी. उद्या रविवार, त्या येणार. मी त्यांची डोकी धुणार, पुढच्या बाकावर नेऊन बसवणार, आणि कडेला मी बसणार – आणि कुणी विचारलं ही कोण, तर त्यांच्यातलीच एक म्हणून सांगा. लपवू नका, मीही लपवणार नाही यापुढे. खोली हवी तर घ्या. खुर्ची उचलून निवाऱ्याच्या ओट्यावर नेईन, नळ तिथेही आहे. भीती वाटत नाही असं नाही, वाटते, रोज वाटते. पण देवाला दिलेला शब्द माझा आहे, खोली तुमची.

उठा, सावकाश. टॉवेल राहू दे खांद्यावर. काय – या गोष्टीसाठी प्रार्थना करते म्हणता? करा की. पण घरी जाऊन करा, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलंय.