आधी तुह्या पदराखाली

मी गयाबाई. माहेर निलंग्याकडलं, पार कर्नाटकाच्या शिवंला लागून, तिकडं आमच्या घरी निम्मं बोलणं कानडी, आन दिलं मला हिकडं उमरी तालुक्यात, दोन यष्ट्या बदलून यावं लागतंय. नवी आले तवा सासूला म्हणायचे नीर आणू का, तर ती इचारायची काय आणती बाई, मंग कळलं का हिकडं पाणी म्हणावं लागतंय. काम म्हणाल तर बाळंतिणीचं. बाळंतिणीला तेल लावायचं, शेक द्यायचा, लेकरू पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, टाळू भरायची, धुरी द्यायची. सासू हेच करायची, तिच्या मागं तेलाची वाटी घेऊन हिंडून हिंडून मीबी शिकले. आता आजूबाजूच्या चार गावात असं घर न्हाई का जिथलं लेकरू मह्या पायावर आलं न्हाई.

तुमी दुधाचं इचारून राहिले. काय सांगू तुम्हाला ताई, दुधाचं सांगायचं म्हणजे मला पहिल्यापासून सांगावं लागतंय, मधूनच न्हाई सांगता येत.

पहिला पोरगा व्हता मला. हितंच झाला, घरीच. तवा अशी रीत का पहिले तीन दिवस आईचं दूध लेकराला द्यायचं न्हाई. ते पिवळं असतंय ना, चिकट, चीक म्हणतेत, ते खराब, साठलेलं, लेकराला बाधतंय म्हणायचे. सासू सगळ्या गावाला तसंच सांगायची. वाटीत पिळून घ्यायची आन कडूलिंबाच्या बुडात ओतायची, लेकराला गुळाचं पाणी, कापसाचा बोळा भिजवून. मह्या लेकराला बी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी हगवण लागली. चौथ्या दिवशी अंगावर घेतलं तर त्याला ओढायचीच ताकद राहिली न्हवती. आठव्या दिवशी गेला. बारसं न्हाई, नाव न्हाई. सासू बी रडली, खोटं काहून बोलू, लई रडली. तिची काही दुश्मनी न्हवती, तिला जे ठावं व्हतं ते तिनं केलं. पर लेकरू गेलं तरी दूध येतच राहिलं ताई. घ्यायला कुणी न्हाई आन चोळी वली. त्याचं काय करावं ते कुणीच सांगितलं न्हाई मला.

दोन वर्षांनं पुन्हा दिवस राहिले तवा मी माहेरी गेले. पोरगी झाली, हीच रेखा. तिकडं बी तीच रीत, चुलती वाटी घेऊन बसलेलीच. आन मह्या बापाच्या दावणीला म्हशी व्हत्या, सारा जन्म त्याचा म्हशीत गेला. गडीमाणसं बाळंतिणीच्या खोलीकडं फिरकत न्हाईत, बोलत तर न्हाईतच, पर तो दाराबाहेर उभा राहिला आन आईला म्हणला, म्हस व्याली का पहिला चीक मी रेडकाला पाजतो, न्हाई पाजला तर रेडकू उभं राहत न्हाई, आन हे तर माणसाचं लेकरू हाय. एवढंच बोलला आन वैरण घालायला गेला. आईनं चुलतीच्या हातातली वाटी काढून घेतली, पोरगी मह्या पदराखाली दिली. लागलीच प्याली. मी तर तिच्याकडं बघतच राहिले.

सव्वा महिना झाला, परत सासरी आले, आन मला ताप भरला. साधा ताप न्हवता, टायफाइड. नांदेडच्या दवाखान्यात बारा-तेरा दिवस ठेवलं. लेकरू सासूपाशी. वरचं दूध, त्यात पाणी घातलेलं, बाटलीनं पाजायचं. मी परत आले तर पोरगी वळखू येईना. कातडी लोंबायली, हगवण लागलेली, डोळे खोल गेलेले. अंगावर घेतलं तर दूध न्हाई. आटलं व्हतं. सासूनं लेकराकडं बघितलं, मह्याकडं बघितलं, दोघींच्या मनात एकच व्हतं, तो पहिला.

आमच्या भिंतीला भिंत लागून जुबेदाचं घर. तिचा मालक बाजारात गाद्या भरायचा. तिला चार महिन्याचा पोरगा व्हता, अन्वर. ती दुपारची आली. मला म्हणली, चार दिवसांपासून भिंतीपलीकडून रडणं ऐकून राहिले, मोठ्यानं रडायली तवर फिकीर न्हाई केली, आता आवाज बारीक झाला म्हणून आले. दे मह्याजवळ.

मी सासूकडं बघितलं. सासू दारात उभी. लोकं काय म्हणतील, जातीचं, धर्माचं, ते सगळं तिच्या तोंडावर दिसायलं. जुबेदानं बी तशीच घाई न्हाई केली, आधी मह्या सासूला इचारते म्हणली, घरी गेली, आन तिच्या सासूला घेऊनच आली. म्हातारी लई कडक. म्हणली, पाजाया हरकत न्हाई, सवाबाचं, पुण्याचं काम हाय, पर आमच्यात दूध पाजलं का लेकरू दुधाचं होतंय, ही पोरगी आता अन्वरची सख्खी बहीण, या दोघांची सोयरीक कधी व्हायची न्हाई. तशा वक्ताला बी मला हसू आलं ताई. म्हणलं, हिंदूची पोरगी आन मुसलमानाचा पोरगा, सोयरीक कोण करायला बसलंय? पर ती म्हातारी लई मनापासून सांगत व्हती, तिच्या लेखी ते नातं लागलंच व्हतं.

मंग सासू पुढं आली. तिनं मह्या मांडीवरली रेखा सोताच उचलली आन जुबेदाच्या वट्यात ठेवली. चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली.

आन जुबेदानं काय केलं, लेकरू परत मह्याकडं दिलं. म्हणली, आधी तुह्या पदराखाली घे. मी म्हणले, मला येतच न्हाई बाई, काहून तिला तरास देऊ. ती म्हणली, न येऊ दे. लेकरू ओढतंय म्हणून येतंय, नुसतं बसून कुणाला आलंय? आधी तू, मंग मी.

असं रोज. दिवसातून पाच-सहा खेपा ती यायची, न्हाईतर मी जायची. आधी मी घ्यायची, पोरगी ओढायची, काही मिळालं न्हाई का चिडायची, लाल व्हायची, मंग जुबेदा घ्यायची. चार दिवसात हगवण थांबली, आठ दिवसात तिच्या रडण्यात जोर आला. पर महं कोरडंच. मला तर लाज वाटायची, दुसरीच्या लेकराच्या वाट्याचं आपण घेऊन राहिलो म्हणून. जुबेदाला सांगितलं तर म्हणायची, दोघं पितेत म्हणून दोघांचं येतंय, तू जवारीची भाकर खाय आन गप बस. सासू रोज मला आळिवाची खीर करायची, अर्धी जुबेदाला न्यायची. आधी भिंतीवरून द्यायची, मंग मंग तिच्या घरात जाऊन बसायला लागली.

पंधरा-सोळा दिवस झाले असतील. भाकरी झाल्या व्हत्या, मी रेखाला घेऊन बसले, आन छातीत कशी कळ आली. वळखीची कळ. पोरगी चिडंना. घुटुक घुटुक आवाज. सासू उठली, तिच्या ओठाच्या कडंला बोट लावलं, बोट बघितलं. आलं गं, म्हणली. मी पोरीला तशीच धरून बसले. जुबेदाला हाक सासूनंच मारली.

महिनाभरानं मह्यावरच भागायला लागलं. आता दवाखान्यातले म्हणतेत, तपासल्याबिगर दुसरीचं दूध देऊ नये, ते बी खरंच हाय, मी बी बायांना तसंच सांगते. तवा आमच्याकडं दुसरा इलाज न्हवता.

एक गोष्ट अजून कुणाला सांगितली न्हाई. रेखा रांगायली तवा मी आन सासू एका घरी बाळंतिणीकडं गेलो. पहिल्याच दिवसाची बाळंतीण. तिची आई वाटीत पिळायला बसलेली. मला सासूपुढं बोलायची हिंमत न्हाई. आन सासूच म्हणली,

राहू दे ती वाटी. लेकराला लाव.

ती बाई म्हणली, आवो तुमीच तर मागल्या खेपंला सांगितलं व्हतं. सासू म्हणली, मला तवा ठावं न्हवतं.

परत येताना वावराच्या कडंनं चाललो व्हतो, ती पुढं, मी मागं. मागं न बघताच म्हणली, त्या पहिल्याला बी पाजाया पाहिजे व्हतं, गया. मी म्हणले, हाव. बास. एवढंच. पर मह्या उरावरचा धोंडा त्या दिवशी खाली उतरला, आन तिच्या बी उतरला असंल. त्याच्यानंतर बारा वर्षं ती जगली, आमची कधी कुरबूर न्हाई झाली.

रेखा आता लातूरला मास्तरीण हाय. मागल्या साली तिला पोरगा झाला, पोट फाडून काढावा लागला, मी बाहेर देव देव करून राहिले का आता दूध येतंय का न्हाई. तर नर्सबाईनं घंट्याभरातच लेकरू तिच्या छातीला लावलेलं. पेढे घेऊन पहिला कोण आला असंल तर अन्वर, मामा म्हणून. आता ती शाळेत जाती तर दूध काढून फ्रीजमधी ठेवती आन जावई वाटी-चमच्यानं पाजतेत. फ्रीजमधी आईचं दूध! मी आधी हसले, मंग म्हणलं, पाजून तर राहिले ना, मंग कसं का पाजंनात.

देव तुमचं बी घर लेकराबाळांनं भरलेलं ठेवो ताई. मला आता कशाची फिकीर न्हाई. कालच एका घरी गेले व्हते, सहा दिवसाचं लेकरू, न्हाऊ घातलं, पुसलं, आईकडं दिलं. गटगट प्यालं आन तिथंच झोपलं, तोंडातून दूध गळायलं. मी लेकराच्या गालावरचं दूध पदरानं पुसलं, तेलाची वाटी उचलली आन निघाले. असं पोट भरून झोपलेलं लेकरू मागं ठेवून निघालं का चालताना पाय दुखत न्हाईत बगा.