अमावस्येच्या दिवशी कुत्र्याची हजामत

जबाब, दिनांक ८ मे १९७८, नागपूर.

नाव सौ. प्रेमिला मधुकरराव वैरागडे, वय ५४ वर्षे, धंदा घरकाम, राहणार सक्करदरा तलावाजवळ, नागपूर.

मी वर नाव दिलेली बाई आज आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. माझे धाकटे दीर रुपराव, राहणार हुडकेश्वर, यांनी काल आमचे शेजारी चंपतराव हिवसे यांच्यावर तक्रार दिली. दार फोडून आमच्या घरात घुसले आणि माझे यजमान वारल्याची खोटी बातमी गावभर केली, अशी ती तक्रार आहे. त्यावरून चंपतरावांना काल संध्याकाळपासून इथे बसवून ठेवले आहे. माझे यजमान जिवंत आहेत, आणि ज्यांच्यामुळे जिवंत आहेत ते समोरच्या बाकावर बसले आहेत. म्हणून मी आले.

आमच्याकडे कापशा नावाचा पांढरा कुत्रा आहे. जात पूडल. कामठीचे एक मेजरसाहेब बदलीवर जाताना यजमानांना देऊन गेले. मेंढरासारखे कुरळे केस, रोज विंचरले नाहीत तर गुठळ्या होतात. यंदाच्या उन्हात तो मोरीतून हलेना, जीभ बाहेर काढून धापा टाकायचा. मी दोनदा कैची घेतली, दोनदा तो पलंगाखाली शिरला. शेवटी आमच्या नेहमीच्या नत्थू न्हाव्याला विचारले. तो म्हणाला, “कुत्र्याची हजामत? नाही बाई. गिऱ्हाइकं म्हणतीन, याच मशीननं आपली केली.” मी खूप गळ घातली तेव्हा म्हणाला, “रविवारी अमावस्या हाय. दुकानात कोणी येत नाही. तवा येतो, कोणाले सांगू नका.” मी म्हटले, कुत्र्याले कायची आली अमावस्या, ये.

त्याप्रमाणे काल रविवारी सकाळी नत्थू पेटी घेऊन फाटकातून मागच्या अंगणात आला. यजमानांची तब्येत पंधरवड्यापासून बरी नाही, छातीत दुखते. त्यांना पुढच्या खोलीत निजवून, कूलर लावून, उन्हाची झळ नको म्हणून मी पुढच्या दाराला आतून कडी घातली होती. मी कापशाला स्टुलावर धरून बसले. नत्थूने त्याच्या गळ्यात माणसाला बांधतो तशी चादर बांधली. मशीन केसांत अडकू लागले, तेव्हा आधी कैचीने मोकळे केले. कापशा रडत होता, नत्थू त्याला दामटत होता, कूलरची घरघर चालू होती. पुढे काय चालले आहे ते मला ऐकू येणे शक्य नव्हते.

चंपतरावांची पिठाची चक्की आमच्या समोर आहे. त्यांनी नत्थूला पेटी घेऊन आमच्या फाटकात शिरताना पाहिले. अमावस्येला आमच्याकडे कोणी डोक्याला कैची लावत नाही. त्या दिवशी न्हावी घरी येतो तो एकाच कामाला. त्यात यजमान आजारी. चंपतरावांनी चक्की बंद केली, रुपरावांना निरोप धाडला आणि स्वतः इतवारीत जाऊन हातठेल्यावर बांबू, पांढरे कापड आणि मडके घेऊन आले. मला काही विचारायला ते आले नाहीत. अशा वेळी कोणी विचारत नाही, जो तो कामाला लागतो.

परत आल्यावर त्यांनी पुढचे दार वाजवले. फाटकातून मागे आले असते तर मी आणि कुत्रा दोघेही दिसलो असतो, पण मयताच्या घरी माणूस पुढूनच येतो. उत्तर येईना म्हणून त्यांनी खिडकीतून पाहिले. यजमान जमिनीवर होते. खाली उतरवून ठेवले असे त्यांना वाटले. पण जवळ दिवा नाही आणि मीही नाही, म्हणजे मी कुठेतरी शुद्ध हरपून पडले असेन, या भीतीने त्यांनी खांद्याने दार फोडले. त्यांचा खांदा सुजला आहे, तो कोणी पाहिलेला दिसत नाही.

दार मोडल्याचा आवाज मात्र मला आला. मी धावत आत गेले. तांब्या आडवा, पाणी सांडलेले. यजमान पाणी घ्यायला उठले असावेत. चंपतराव त्यांच्या नाकाशी हात धरून ओरडत होते, “वहिनी, जिवंत हाय! भाऊ जिवंत हाय!” मला काही सुचले नाही, हे मी कबूल करते. चंपतरावांनी बांबू अंगणात फेकले, यजमानांना ठेल्यावर घातले आणि त्या उन्हात स्वतः ठेला ओढत दवाखान्यात नेले. अर्धा भादरलेला कापशा गळ्यात चादर घेऊन मागे धावत होता. डॉक्टरांनी सांगितले की झटका होता, आणखी वेळ गेला असता तर हाती काही लागले नसते.

कापशाचे चारही पाय भादरून व्हायचे होते. त्यानंतर त्याला आंघोळ घालायची होती. तोवर मी आत गेले नसते. काल रात्रभर मी दवाखान्यात हाच विचार करत बसले होते.

रुपराव रडत आले तेव्हा घरात कोणी नव्हते. दार मोडलेले, अंगणात बांबू आणि मडके. “जित्या माणसाची तिरडी आणली यानं,” असे म्हणून ते थेट ठाण्यात आले. त्यांचा भाऊ आहे, त्यांना दोष देत नाही. चंपतरावांनी जुन्या रागापोटी हे केले असे त्यांनी लिहिले आहे. कापशा भुंकला की चंपतराव “एक दिवस याले चक्कीत टाकतो” असे म्हणतात, हे खरे आहे. मी पण त्यांच्या चक्कीच्या आवाजाला बरेच काही म्हणते. शेजारी एकमेकांना बोलणारच.

यजमान आज सकाळी शुद्धीवर आले. मी त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, “बांबू तरी बरे आणले काय त्यानं? का बारीकच पाहून आणले?” आणि हसले. लगेच डॉक्टर रागावले.

माझी चंपतरावांविरुद्ध काहीही तक्रार नाही. दार आम्ही बसवून घेऊ. त्यांचे उपकार मला या जन्मात फिटणार नाहीत, आणि ते फेडून मोकळे व्हावे असे वाटतही नाही. जप्त केलेले बांबू मला मिळावेत, मी त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढवीन.

हवालदारांनी हा मजकूर मला वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी ‘आरोपी चंपतराव’ असे आले. तिथे ‘शेजारी’ लिहिल्याशिवाय सही करणार नाही असे मी सांगितल्यावरून ते खोडून दुरुस्त केले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सही करून मी चंपतरावांना सोबत घेऊन दवाखान्यात जात आहे. यजमान सकाळपासून त्यांची वाट पाहत आहेत.

समक्ष सही, सौ. प्रेमिला म. वैरागडे