दिव्याच्या खटक्याला हॉर्न

...आणि वर मलाच विचारतात, नव्या नवरीने गाडीच्या वायरीत हात घालायचा कशाला? आता तुम्हीच सांगा, घातला नसता तर देवीची ओटी भरायला मी काय एसटीने गेले असते? आमच्या दिघाशीच्या घरात, म्हणजे माझ्या सासरी, नव्या सुनेला वज्रेश्वरीला न्यायचं ते सासऱ्यांच्या जुन्या फियाटमधून, आणि तेही सासऱ्यांनीच. मोठ्या जाऊबाई तशाच गेल्या, चुलत जाऊ तशीच गेली, आणि माझी पाळी आली तेव्हाच गाडीचे तिन्ही खटके बंद पडले. खटके म्हणजे समोरच्या पट्टीवरचे ते वर-खाली करायचे दांडे हो. एकावर दिव्याचं चित्र, दुसऱ्यावर वायपरचं, तिसऱ्यावर पंख्याचं. तिन्ही मुके.

मनोजने, म्हणजे आमच्या ह्यांनी, लगेच नवी बटणं मागवली. "बाबा, बघा तरी, आत निळी लाइट पण लागते." सासऱ्यांनी त्या बटणांकडे असं बघितलं, जणू कुणी दुसऱ्याची कवळी त्यांच्यापुढे ठेवलीये. म्हणाले, "ही लावलीस त मी गाडीन बसनार न्हाय." हे म्हणाले, "मग रिक्षाने जाऊ." ते म्हणाले, "जा." झालं. सासूबाई खण-नारळ पिशवीत भरून बसलेल्या, ओटी माझी, आणि रुसलेत बाप-लेक. मी काय बोलणार, नवीन.

पण तुम्हाला सांगते, माझे वडील टेमघरला कापडाच्या लूमच्या मोटारी दुरुस्त करतात. स्टार्टरमधले वीज जोडणारे पॉइंट काळे पडले की लूम उभी, आणि ते पॉइंट घासायचं काम सुट्टीत माझ्याकडे. खटका असा मरत नाही हो, आतून काळा पडतो. मग काय, दुपारी घर झोपलं, मी बॅटरीची वायर काढली, खटके उघडले, पॉलिश पेपरने घासले... आतून पितळ असं निघालं, की मंगळसूत्राच्या वाट्या फिक्या पडाव्यात.

आणि परत बसवताना बघते तर वायरी भलत्याच ठिकाणी. दिव्याच्या खटक्याला हॉर्न. वायपरच्या खटक्याला दिवा. पंख्याच्या खटक्याला वायपर, कारण पंखा गाडीत नाहीच. कोण हा हुशार, म्हटलं. मी सगळं चित्रासारखं केलं. दिव्याला दिवा, वायपरला वायपर, उरलेल्या पंख्याला हॉर्न. सगळं चालू. सकाळी सासऱ्यांनी चकचकीत खटके बघितले, त्यांना वाटलं पोराने ऐकलं. पोराला वाटलं बाबांनी कुणाला तरी बोलावलं. आणि दोघांचाही रुसवा गेला. मी काय बोलणार, नवीन. पण मागच्या सीटवर मी अशी फुगून बसले होते की सासूबाईंना जागा कमी पडली असेल.

अंबाडीच्या पुढे रस्त्यात म्हैस. सासऱ्यांनी तिच्याकडे बघत, सवयीने, पहिला खटका वर केला... आणि भर उन्हात म्हशीला दिवा दाखवला. म्हैस ओवाळून घेतल्यासारखी उभी. दुसरा खटका वर केला, तर कोरड्या काचेवर वायपर कर्रर्र कर्रर्र. तिसरा केला आणि हॉर्न जो सुरू झाला तो बंद होईना, कारण सासरे बंद करत होते पहिला. म्हैस गेली, मागचा टेम्पोवाला "चाचा, बारात है क्या?" म्हणून गेला, तरी आमचा हॉर्न चालूच.

मी हात पुढे घालून तिसरा खटका खाली केला.

मग सासरे म्हणाले, "माझा हॉर्न कोनी हलवला?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. सासूबाई पिशवीतला नारळ बघायला लागल्या. मी म्हटलं, "मी, बाबा. चित्राप्रमाणे लावलं."

"म्हंजे हे खटके तू उघरलेस?"

"घासले पण. नवे लागणार नाहीत."

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चित्रं बराबर हायत, पोरी. पन गाडी काय चित्र चालवतंय?" वायरी त्यांनीच फिरवल्या होत्या, तरुणपणी. हॉर्न सगळ्यात जास्त लागतो, म्हणून हाताजवळ घेतलेला. आणि मी त्या माणसाला मनात काय काय म्हटलं होतं, ते सांगत नाही.

तर वज्रेश्वरीला, देवळाखालच्या दुकानांसमोर, हिरवा चुडा, भरजरी शालू, आणि मी डोकं खाली घालून गाडीच्या पट्टीखाली, हॉर्न परत दिव्याच्या खटक्याला लावतेय. बाहेर ही गर्दी. पेढेवाला विचारतो, "काका, मेकॅनिक बाई कुठून आणली?" आणि आमचे सासरे, जे घरात दिवसाला चार शब्द बोलतात, ते प्रत्येकाला थांबवून सांगतायत, "मेकॅनिक कसली, सून हाय. धाकटी. टेमघरची." येणाऱ्यालाही सांगतात, जाणाऱ्यालाही सांगतात. देवीला सांगायचं तेवढं बाकी होतं, तेही आत जाऊन सांगितलं असेल.

आता मला सांगा, मी काय करायचं? लग्नानंतर घरात पहिली गोष्ट मी बरोबर केली, आणि माझं नाव झालं ते ती नीट चुकीची बसवल्यावर.