दोहाच्या विमानतळावरची बाई

माझं माहेर मुंबईचं, डोंगरीचं, पण खरं विचाराल तर आम्ही मूळचे इकडलेच, महाडकडले. वडील जहाजावर खलाशी, कितीतरी महिने घरी नाय यायचे, पण त्यांना हौस भारी की पोरींनी इंग्लिश शिकावं, म्हणून मला नि माझ्या बहिणीला इंग्रजी शाळेत घातलं. मी आईला सांगायचे, मी पण जाणार बाबांसारखी, दूर. आई बोलायची, जाशील गो, आधी भांडी घास. आणि गेले कुठं, तर लग्न होऊन महाडला! तेव्हा नव्वदचं साल उलटून गेलेलं. लग्न झालं नि महिनाभरात हे आखातात गेले, ड्रायव्हर म्हणून, नि मी इकडं सासूजवळ. यायचे दोन वर्षांतून एकदा, कधी तेपण नाय.

मला एका जागी बसवत नाय, हा माझा जुना आजार. घरातलं काम उरकलं की मी गच्चीवर, गच्चीवरून दारात, दारातून परत आत. सासू बोलायची, गो हसीना, तुझ्या पायाला काय मुंग्या हायत काय? माझी सासू फार चांगली, बोलायला तिखट पण मनात काय नाय. मी पोरांच्या शिकवण्या घेतल्या, शिवण करून बघितलं, सगळं धरायचं नि सोडायचं.

मंग ती नोकरी आली. माझी बहीण पुण्याला कॉल सेंटरमध्ये होती, तिनं सांगितलं की विलायतेतली एक कंपनी हाय, विमानाची तिकिटं विकते, त्यांना घरी बसून फोन घेणारी माणसं पाहिजेत, निरनिराळ्या देशांतली. मी बोलले, महाडात कोण देणार मला नोकरी? ती बोलली, अगो त्यांना महाड काय नि मनिला काय, तुझा आवाज पाहिजे. तेव्हा आमच्याकडं टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट नवीनच आलेलं. कॉम्प्युटर घेतला, कानाला लावायचं ते हेडफोन आणलं, इन्व्हर्टर बसवला, कारण लाइट कधी जाईल त्याचा नेम नाय. मुलाखत झाली फोनवरच. आमची सुपरवायझर ग्रेस म्हणून, ती मनिलाची. एकजण केपटाऊनचा, एक पोरगी आयर्लंडची. कोणी कोणाला बघितलेलं नाय. मला बोलले, हसीना नाव गिऱ्हाइकाला जड जाईल, हॅना चालेल का? मी बोलले, चालेल. दुपारची नमाज, जेवण आटपलं की मी हॅना.

काय सांगू तुम्हाला, मला काय बरं वाटायचं! कोणाची बॅग हरवलीय, कोणाला लेकीच्या बाळंतपणाला जायचंय, कोणाचं विमान चुकलं. मी इथं खुर्चीत नि माझा आवाज सगळीकडं. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, अजान झाली की मी आवाज बंद करायचं बटन दाबायचे, पण एकदा विसरले तर एक म्हातारी विलायतेतून विचारते, कोण गातंय ग, छान हाय. मी बोलले, शेजारी हायत. सासू माझ्या मागं वाल सोलत बसायची नि तिला वाटायचं मी तिच्या मुलाशीच बोलते, म्हणून मधेच ओरडायची, त्याला सांग गो, बिरडं केलंय! पण खरं सांगू, ते फोन ठेवले की माझी चुळबुळ आणखी वाढायची. सगळ्या दुनियेला मी पाठवते, नि मी स्वतः कुठं, तर बाजारात मासळी आणायला.

असं वर्षभर चाललं नि मंग हे परत आले. तिकडं मंदी आली, कंपनीनं माणसं काढली. कायमचेच आले. आता इतक्या वर्षांनी नवरा घरात, मला वाटलं ईद झाली. पण त्यांचं काय लक्ष लागेना. सकाळी उठून एस.टी. स्टँडवर जायचे, कुठली गाडी सुटली ते बघून परत यायचे. पंखा लावायचे, पंखा बंद करायचे. आणि मी दुपारी कामाला बसले की दारात उभे राहून ऐकायचे. एक दिवस बोलले, त्या परक्या बाप्यांशी जेवढं गोड बोलतेस तेवढं माझ्याशी कधी बोललीस काय? मी बोलले, तो माझा धंदा हाय. ते बोलले, तेच तर. मला फार लागलं ते. पण माणूस बेकार झाला की त्याच्या जिभेला धार येते, ते मला कळत होतं.

आणि मंग ते झालं. एका बाईचा फोन आला, दोहाच्या विमानतळावरून. आवाजावरून आफ्रिकेकडली वाटली. सोबत लहान पोर, ते मागं रडतंय. तिच्या तिकिटावर नाव चुकलेलं, एक अक्षर इकडचं तिकडं, नि काउंटरवाले विमानात घेईनात. फोन नाण्यांचा, ती मला सारखी बोलते, सिस्टर, लवकर, माझ्याकडं नाणी संपली. मी बोलले, तुम्ही घाबरू नका, मी नाव दुरुस्त करते नि एक नंबर देते, तो त्यांना दाखवा. नाव बरोबर केलं. नंबर ओठावर आला, नि कानात एकदम शांत. फोन मेला. मागं वळून बघते तर हे भिंतीजवळ उभे, नि टेलिफोनची उपटलेली तार त्यांच्या हातात. बोलले, पुरे झालं तुझं.

मी ओरडले नाय. मी फक्त सांगितलं की तिकडं कोण होतं नि काय झालं. हे बोलले, परत लावील फोन. मी बोलले, लावील तो दुसऱ्याकडं जाईल, तिला पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल, नि नाणी नायत तिच्याकडं. मी तार परत लावली. ग्रेसला लिहिलं, सगळ्यांना लिहिलं, दोहाची बाई हाय, पोर सोबत हाय, तिचा फोन आला तर सोडू नका. केपटाऊनवाला लिहितो, नाय आला. आयर्लंडची लिहिते, सॉरी हॅना, नाय. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर बघितलं, तिकीट तसंच पडलेलं. ती गेलीच नव्हती त्या विमानानं. दुसरं तिकीट काढून गेली, का तिकडंच राहिली, का तिचं कोण भेटलं, मला आजपर्यंत माहीत नाय. फोन मधेच तुटला म्हणून कंपनीनं मला ताकीद दिली, ते चालतं. पण ते पोर रडत होतं ना, ते कितीतरी दिवस माझ्या कानात.

हे माझ्याशी बोलेनात, मी त्यांच्याशी बोलेना. सासू दोघांच्या मधून ताटं न्यायची. मंग एक दिवस हे संध्याकाळचे गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसले नि आपणहून बोलायला लागले. बोलले, बाबा वारले तेव्हा मी का आलो नाय, तुला माहीत हाय? मी बोलले, काम होतं ना. बोलले, काम नाय. पासपोर्ट शेठजवळ, शेठ गावाला. मी कंपनीच्या ऑफिसात फोन लावायचो, तिकडं एक पोरगी होती, ती बोलायची, थांबा, नि मी थांबायचो, कानात ते संगीत वाजायचं, कार्ड संपून जायचं. परत कार्ड आणायचं, परत थांबा. तोपर्यंत इकडं मातीपण देऊन झाली. त्या पोरीला मी किती शिव्या दिल्या मनात! आणि तू त्या बाईला थांब पण नाय बोललीस, तू तिचं काम करत होतीस, नि तोडलं कोणी, तर मी.

एवढा दणकट माणूस, रडायला लागले. सासरे गेले त्याला किती वर्षं झाली, नि मी त्या सगळ्या वर्षांत मनात धरून होते की बापाच्या मातीला आले नाय. आम्ही नवरा-बायको फोनवर काय बोलायचो, तर बरं हाय ना, बरं हाय. एवढंच.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाय. भांडणं होतात, आजपण होतात. पण त्यांनी मिनीडोर घेतली, ती सहा सीटची रिक्षा, महाड ते गडाच्या पायथ्याचं पाचाड फेऱ्या मारतात, रायगडाला येणारी माणसं नेतात. चाक फिरलं की त्यांचं डोकं शांत राहतं. ताकीद मिळाल्यावर मला वाटलेलं नोकरी सोडावी, दोनदा लिहिलंपण ग्रेसला, मंग पुसून टाकलं. सोडली तर जाऊ कुठं? हल्ली ऐकते की कंपनी फोन बंद करणार, सगळं लिहूनच करणार, माझा आवाज नकोच त्यांना. होईल ते होईल.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं मिनीडोरनं जवळच्या सव गावाला जातो. गरम पाण्याचे झरे हायत तिकडं, काठावर बसतो. हे विचारतात, या आठवड्यात कोण कोण भेटलं? मी सांगते, एक म्हातारा कॅनडाला नातवाकडं निघाला, पहिलंच विमान, घाबरलेला. हे विचारतात, पोचला? मी सांगते, कोणास ठाऊक, पोचला असंल. मला लगेच उठावंसं वाटतं, त्यांनापण वाटतं, तरी बसतो.

आता तुम्ही विचारता सुखी हाय का. कसं सांगू? पाय अजून थाऱ्यावर नायत. पण नमाजेला बसले की एकच मागते, या घडीला जो कोण वाटेत असंल, जमिनीवर, पाण्यावर, वर आभाळात, त्याला त्याच्या माणसांत सुखरूप पोचव. आणि मला कळलं नाय तरी चालेल.